खिडकीतल्या स्लॅबवर कुणाचं नाव?

आधीच सांगून टाकते, माझ्यावर कुणीही विश्वास ठेवला नाही. शेठनं नाही, उस्तादानं नाही, माझ्या शेजारी बसून माझ्याच डब्यातली भाकरी मोडणाऱ्या मंदानं नाही. सासूनं तर नाहीच नाही. "रेघ मी बरोबर मारली होती" हे एकच वाक्य मी पाच महिने सगळ्यांना ओरडून सांगितलं. ओरडूनच सांगावं लागायचं, कारण निजामपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत चारी बाजूंनी लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग. पण ऐकू येणं वेगळं आणि पटणं वेगळं!

त्या रेघेचं सांगतेच. पण दगड कापायच्या कारखान्यात मी चौदा वर्षं काढली, त्यामुळे एक सांगायला बसलं की त्याच्या मागून चार निघतात. मशीनच्या खाली एक परात असायची, तिच्यात कापलेल्या दगडाचा गाळ साचायचा. शनिवारी खरवडून काढला की पुढच्या शनिवारी पुन्हा तेवढाच. किश्श्यांचं तसंच आहे. मी खरवडते, तुम्ही ऐका.

*

आमचा मालक बाळाशेठ. मूळचा दापोड्याचा शेतकरी. बापाची जमीन विकून त्यानं लूम घातले, ते चालले नाहीत. मग कुणीतरी कानात सांगितलं की अंगठीच्या खड्यांत पैसा आहे. शेठनं लूम विकले आणि त्याच शेडमध्ये दगड कापायची दोन मशीनं बसवली. कच्चे दगड यायचे गोणीतून, बहुतेक हकीक, अंगठीत घालतात तो रंगीत दगड. त्याच्या आम्ही स्लॅब काढायचो, म्हणजे पाव कापावा तशा पातळ चकत्या. त्या चकत्या पुढे मुंबईला जायच्या, तिथं त्यांचे लॉकेटचे आणि अंगठीचे खडे व्हायचे.

ऐंशी सालानंतर दोन-चार वर्षांनी मी तिथं लागले. माझी सासू शेजारणींना सांगायची, "सून दगड फोडायला जाते." शेजारणींना वाटायचं मी रस्त्यावर खडी फोडते. एकीनं तर मला जुनी चप्पल आणून दिली, डांबरानं पाय भाजू नयेत म्हणून!

शेवटी मी एक तुटकी स्लॅब घरी आणून सासूला उजेडात धरून दाखवली. मधासारखा रंग, आत पांढऱ्या लाटा. सासू बघतच राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी बाई रिक्षातून कारखान्याच्या दारात हजर, पायाशी गोणी! शेताच्या बांधावरचे सगळे दगड वेचून आणले होते.

"काप," म्हणाली.

शेठ हसायला लागला. पण आमचे उस्ताद रसूलचाचा, खंभातचे म्हातारे कारागीर, त्यांनी अदबीनं त्यातला सगळ्यात मोठा दगड घेतला, मशीनला लावला. तासभर सासू स्टुलावर हात जोडून बसली. दगडाचे दोन तुकडे झाले. चाचांनी पुसून तिच्या हातात दिले. बाहेरून काळा, आतूनही काळा.

सासूनं उलटसुलट करून बघितलं आणि मला म्हणाली, "आतून पण दगडच हाय की गं! मग तुमचा शेठ कापतो कशाला?"

शेठचं हसू तिथंच थांबलं.

*

दगड कापायच्या आधी तो बघावा लागतो. कोरडा दगड काही सांगत नाही, ओला केला की रंग उघडतो, आतली नक्षी कुठून कुठं जाते त्याचा अंदाज येतो. पाणी लांब असेल तर चाचा सरळ जीभ लावायचे. मला शिकवायला लागले तेव्हा म्हणाले, "सुमन बेटी, चाटो."

मी म्हटलं, "मी नाही चाटणार. गाढवानं काय केलं असेल त्याच्यावर!"

"पत्थर से शरमाओगी तो पत्थर भी शरमाएगा."

आठ दिवसांत मी अशी चाटायला लागले की भाजीवाल्याकडचा बटाटासुद्धा तोंडाजवळ न्यायचे. मंदा माझ्यानंतर लागली. ती खाडीकाठच्या गावची, तिला खारट दगड आवडायचे. "ह्यो चांगला हाय," म्हणून पुन्हा एकदा चाटायची.

एकदा कुठला तरी सरकारी साहेब तपासणीला आला. बॅग घेऊन, बूट घालून. दारात उभा राहिला तर समोर काय? चाचा, मी, मंदा आणि खुद्द बाळाशेठ, चौघं ओळीनं बसून दगड चाटतोय! नवीन गोणी आली होती ना.

साहेबानं दोन मिनिटं बघितलं. बॅग छातीशी धरली. मग शेठला हळूच विचारलं, "जेवणाची सुट्टी देता की नाही हो यांना?"

*

लूमच्या गल्लीत राहणाऱ्या माणसाला हळू बोलता येत नाही. खटॅक खटॅक चोवीस तास. आम्ही घरी पण ओरडून बोलायचो, लग्नात गेलो तरी ओरडून, मयतीला पण. चुगली करायची तरी ओरडूनच करावी लागायची. पण त्याचा फायदा असा की ओरडून केलेली चुगली दोन हातांपलीकडे जात नसे.

एका दुपारी मंदा माझ्या कानाशी तोंड आणून जिवाच्या आकांतानं सांगत होती, "सुमनताय, आपला शेठ म्हंजे..." आणि गल्लीतली लाइट गेली. हजार लूम एका क्षणात बंद. आणि त्या शांततेत मंदाचं वाक्य पुरं झालं, "एक नंबरचा चिक्कट!"

गल्लीच्या टोकाला चहावाल्यानं पण ऐकलं. शेठ तर दारातच उभा होता. तो म्हणाला, "दोन नंबरचा कोन हाय त्ये पन सांग. बघून येतो."

*

आता खिडकीतल्या फळीची गोष्ट. ही नीट ऐका, कारण माझी सगळी लढाई त्या फळीशी होती.

दगड नासायचे. कधी वाकडा कापला जायचा, कधी तडकायचा. नासला की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवायचा. शेठनं वैतागून नियम काढला. ज्याच्या हातून दगड नासेल, त्या नासक्या स्लॅबवर त्याचं नाव रंगवायचं आणि ती रस्त्याकडच्या खिडकीतल्या फळीवर उभी करायची. येणारा-जाणारा वाचेल! आणि एकदा नाव चढलं की पुसायचं नाही. पुसायचंच असेल तर खऱ्या गुन्हेगाराचं नाव आणा, ते पहिल्याच्या जागी चढवू. स्लॅब बिननावाची राहणार नाही.

नावं रंगवायला शेजारच्या शेडमधून आमच्या घरातल्यांना बोलवायचे. हे तिथं लूमवर जॉबर होते, बिघडलेले लूम लावून द्यायचे. सातवी पास, पण अक्षर असं की शाळेच्या भिंतीवर सुविचार हेच लिहायचे, टेम्पोच्या मागे नावं पण हेच घालायचे. अक्षराला मागून सावलीसारखी शेड द्यायचे, शेवटी एक छोटं फूल काढायचे. मी चौथी पास, माझं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. घरात वाण्याची यादी लिहायची झाली तर हे माझ्या हातातून पेन्सिल काढून घ्यायचे, "दे गं, मी लिहितो सरळ."

नियम झाला त्याच आठवड्यात काय झालं? दगड एका छोट्या गाड्यावर बसवायचा असतो, त्या गाड्याला दोरी, दोरीच्या टोकाला वीट लटकलेली. विटेच्या वजनानं गाडा हळूहळू ब्लेडकडे सरकतो. एक वीट, एक तास, एक स्लॅब. शेठला घाई. "दोन विटा बांधा, अर्ध्या तासात होईल!"

चाचा म्हणाले, "शेठ, पत्थर है, गाजर नहीं."

शेठनं ऐकलं नाही, स्वतःच्या हातानं दुसरी वीट बांधली. दहा मिनिटांत ब्लेडचा पापड झाला. स्लॅब निघाली ती एका बाजूला भाकरीएवढी जाड, दुसऱ्या बाजूला नखाएवढी पातळ.

आमचे हे ब्रश आणि डबा घेऊन उभे. चाचांनी विचारलं, "शेठ, नाम?"

शेठनं घाम पुसला. स्लॅबकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. मग म्हणाला, "लिव. वीट."

फळीवरचं पहिलं नाव ते. 'वीट'. शेड देऊन, फूल काढून!

*

रेघ मारायचं काम चाचांनी मला दिलं होतं. लाल खडूनं दगडावर रेघ मारायची, त्या रेघेवरून दगड मशीनला बसवायचा. रेघ चुकली की दगड गेला. चाचांची नजर अधू झाली होती. ते म्हणायचे, "मेरी आँख अब सुमन के पास है." संध्याकाळी मी दुसऱ्या दिवसाचे दगड बघून रेघा मारून टेबलावर मांडून ठेवायचे. दोन वर्षं एक तक्रार नाही. शेठ तर नवीन माणसाला दाखवायचा, "बघ, चौथी पास बाय हाय, पन रेघ कशी सरळ मारते!" मला जरा नवल वाटायचं. पण स्तुतीला कोण नाही म्हणतं?

मग तो झाडवाला दगड आला.

मुंबईचा एक दागिनेवाला होता. घरात, उन्हात, पावसात गॉगल लावायचा, म्हणून आम्ही त्याला गॉगलवाला म्हणायचो. तो रुमालात बांधून एक हकीक घेऊन आला. आत काळ्या-हिरव्या फांद्या होत्या. चाचा म्हणाले, "शजर है, शजर! झाड!" असा दगड बरोबर दिशेनं कापला तर प्रत्येक स्लॅबवर अख्खं झाड उभं दिसतं. चुकीच्या दिशेनं कापला तर फांद्या आडव्या तोडल्या जातात आणि नुसते ठिपके दिसतात. गॉगलवाल्याच्या गिऱ्हाइकाच्या लेकीचं लग्न होतं. हार, कानातले, सगळं त्या एका दगडातून.

मी तो दगड दोन तास बघितला. पाण्यात बघितला, उन्हात बघितला, चाटून बघितला. झाड तिरकं होतं. मग मी तिरकी रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी चाचांनी रेघेवरून दगड बसवला. तासाभरानं पहिली स्लॅब निघाली. पुसली. नुसते ठिपके! पांढऱ्या ताटलीत खसखस सांडल्यासारखे. सगळे दुसऱ्या मशीनच्या कामात होते, ती पुसून बघेपर्यंत दुसरी, तिसरी पण निघाली होती. तीच खसखस.

माल न्यायला आलेला गॉगलवाला डोकं धरून स्टुलावर बसला. "झाड किधर है? मेरा झाड किधर है?"

मी म्हटलं, "मी रेघ तिरकी मारली होती! दगड सरळ कापलाय!"

चाचा म्हणाले, "बेटी, रेघ सरळ थी. मैंने हाथ लगाके देखी."

मंदा म्हणाली, "सरळच व्हती गो."

शेठ म्हणाला, "ब्रशवाल्याला बोलव."

*

तर आमच्या घरातल्यांनी, माझ्या सख्ख्या नवऱ्यानं, स्वतःच्या हातानं, त्या नासक्या स्लॅबवर माझं नाव लिहिलं. 'सुमन'. नेहमीपेक्षा जास्त शेड दिली. फुलाला दोन पानं पण काढली.

त्या संध्याकाळी मी चूल पेटवली नाही. हे आले, हातपाय धुतले, पाटावर बसले. समोर ताट नाही.

"अगं, माझा काय दोष? शेठनं सांगितलं ते लिहिलं."

"माझी रेघ बरोबर होती."

"असेल गं. पण अक्षर तरी बघितलंस का? 'सु'ला कसा बाक आलाय!"

दुसऱ्या दिवशी पण मी चूल पेटवली नाही.

खरं दुःख नावाचं नव्हतं. शेठनं माझ्या हातातला खडू काढून घेतला. मला स्लॅब धुवायला बसवलं. तेलकट स्लॅब भुशानं पुसायच्या, सोड्यानं धुवायच्या. चाचांची नजर व्हायला शिकलेली मी, आणि आता भांडीवाली झाले! गल्लीतली बाई भाजी घेऊन जाता जाता खिडकीत वाकायची आणि म्हणायची, "सुमन तूच काय गं? मग शेजारची 'वीट' कोण?"

*

खडू मंदाला मिळाला. मंदा खूश. पण मंदाला दगडातलं काही दिसायचं नाही. ती माझ्याजवळ येऊन भुसा घ्यायच्या निमित्तानं बसायची आणि पदराखालून दगड पुढं करायची.

"सुमनताय, ह्यो कुठून कापू?"

मी बोटानं दाखवायचे. ती तशी रेघ मारायची, नागासारखी वाकडीतिकडी, पण दिशा बरोबर. स्लॅब फक्कड निघायची. मग शेठ माझ्यासमोर उभा राहून म्हणायचा, "बघ, मंदाला कसं जमतं! रेघ वाकडी हाय, पन माल सोनं हाय!"

एक दिवस मी तिला मुद्दाम उलटं सांगणार होते. जिभेच्या टोकावर आलं होतं. पण दगडानं माझं काय वाकडं केलं होतं?

मंदाला मी एवढंच विचारलं, "तू माझ्या बोटावर विश्वास ठेवतेस, मग त्या रेघेवर का नाही ठेवत?"

मंदा म्हणाली, "बोट मी बघते ना सुमनताय. त्या दिशी रेघ पन मी बघितली. सरळ व्हती. मी खोटं कशाला बोलू?"

ती खोटं बोलत नव्हती. तेच तर डोक्याचा भुगा करत होतं!

*

पाच महिन्यांनी गॉगलवाला परत आला. दुसरा झाडवाला दगड घेऊन. पहिल्यापेक्षा थोरला. आल्याआल्या शेठला म्हणाला, "वो सुमनबाई का हाथ नहीं लगना चाहिए."

मंदाला खडू दिला तर ती हातपाय गाळून बसली. "मी न्हाय! माजं नाव खिडकीत गेलं तर माजी आय मना घरात घ्यायची न्हाय!"

मी उठले. भुसा झटकला आणि सगळ्यांच्या मधोमध जाऊन ओरडले, "मी मारते रेघ! चुकली तर उद्यापासून कारखान्यात पाऊल टाकणार नाही. आणि बरोबर निघाली तर खिडकीतलं माझं नाव पुसायचं!"

शेठ म्हणाला, "पुसायचं तर दुसरं नाव लागंल. नियम हाय."

"देईन दुसरं नाव."

"कुणाचं?"

"ते अजून माहीत नाही. पण देईन!"

गॉगलवाला निघालाच होता. चाचांनी त्याचा हात धरला. म्हणाले, "साहब, मेरी आँख वही है. दूसरी नहीं है मेरे पास."

त्या संध्याकाळी सगळ्यांच्या देखत मी दगड ओला केला, बघितला, पुसला आणि रेघ मारली. तिरकी. शेठ वाकून बघून म्हणाला, "तिरकी हाय गो."

"झाडच तिरकं वाढलंय शेठ, मी काय करू?"

शेठनं मान हलवली. म्हणाला, "तू जाने आनि तुजं झाड जाने." दगड टेबलावर ठेवला, शेड बंद केली, चावी माझ्याजवळ. सकाळी मीच उघडायचे.

*

सकाळचा आमचा क्रम ठरलेला होता. आम्ही दोघं बरोबर यायचो. मी शेड उघडायचे, हे स्टोव्ह पेटवायचे, मी गल्लीच्या नळावर कळशी भरायला जायचे. आल्यावर चहा, मग हे शेजारी ड्युटीवर. कित्येक वर्षं हेच.

त्या दिवशी नळाला रांगच नव्हती. मी लवकर परत आले. दारात आले आणि कळशी कमरेवर तशीच राहिली.

आमच्या घरातले टेबलापाशी वाकलेले. एक डोळा मिटलेला, जीभ दातांत धरलेली. दगडावर पोलादी फुटपट्टी. अंगठा थुंकीनं ओला करून माझी रेघ पुसली, आणि माझाच लाल खडू घेऊन दुसरी मारली. सरळ. सुरेख. मग दोन पावलं मागं सरून बघितलं, टेम्पोवर नाव घालून झाल्यावर बघतात तसं.

"अहो," मी म्हटलं, "काय चाललंय?"

दचकले. मग हसले. "काही नाही गं. तुझी रेघ जरा वाकडी येते. चार लोक हसतात, चौथी पास म्हणतात. मी रोज सकाळी नीट करून ठेवतो. दोन वर्षं केलं, कधी बोललो का तुला?"

साध्या हकीकात रेघ सरळ केली तरी दिशा तीच राहायची, म्हणून दोन वर्षं काही बिघडलं नव्हतं. मंदाच्या रेघा कितीही नागमोडी असल्या तरी त्यांना काय त्याचं! बायकोची रेघ मात्र सरळ हवी.

"तो पहिला झाडवाला दगड," मी विचारलं, "त्याची पण?"

"ती तर फारच तिरकी होती गं! एकदम पट्टीत आणली."

"आणि दगड नासला, माझं नाव लिहिलंत, तेव्हा काही वाटलं नाही?"

हे खरंच विचारात पडले. म्हणाले, "पण सरळ रेघेनं कधी कुणाचं वाईट होतं का?"

मी कळशी खाली ठेवली. चहा केला. दोन कप दिले. मुकाट्यानं ड्युटीवर पाठवलं. आणि अंगठा ओला करून त्यांची रेघ पुसली, माझी पुन्हा मारली.

*

पहिली स्लॅब निघाली तेव्हा दोन्ही मशीनं बंद केली होती. मी स्वतः भुशानं पुसली, खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली.

झाड! मुळापासून शेंड्यापर्यंत. खाली जरा गवत पण होतं.

गॉगलवाल्यानं गॉगल काढला. त्याचे डोळे आम्ही पहिल्यांदा बघितले, घारे होते. चाचांनी स्लॅब डोळ्यांच्या अगदी जवळ नेली, मग बोटांनी चाचपली, मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. मंदा रडायलाच लागली. शेठ स्लॅब धरून दारापर्यंत जाऊन आला, गल्लीतल्या चार जणांना दाखवून आला. मग माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"मंग तवा रेघ कुनी बदलली?"

"सांगते. ब्रशवाल्याला बोलवा."

मंदा शेजारी जाऊन आमच्या घरातल्यांना घेऊन आली. हे लूम दुसऱ्यावर सोपवून, डबा आणि ब्रश घेऊन, खुशीत. फळीवरची माझी स्लॅब काढली. रॉकेलच्या फडक्यानं 'सुमन' पुसलं. फुलासकट, दोन पानांसकट. पुसताना मला म्हणाले, "बघ, निघालं की नाही नाव? मी म्हणत होतो, देव बघतो!"

मग स्लॅब मांडीवर घेतली, ब्रश रंगात बुडवला, डब्याच्या कडेला निथळला आणि शेठला विचारलं, "काय नाव घालू?"

शेठ म्हणाला, "मला न्हाय ठावं. तिला विचार."

यांनी माझ्याकडे बघितलं. ब्रश तयार. "कुणाचं गं?"

आणि मी अडकले! लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. त्यांचं नाव मी तोंडानं कधी उच्चारलं नव्हतं. रेशनच्या ऑफिसात साहेबानं विचारलं तेव्हा शेजारणीला सांगायला लावलं होतं. सगळ्या गल्लीला शिव्या घालणारी मी, पण ते एक नाव जिभेवर येईना. हळू बोलायची सोय नाही, चारी बाजूंनी खटॅक खटॅक. बोललं तर ओरडूनच.

शेठ म्हणाला, "बोल ना गो! पाच म्हयने बोंबलतेस, आता का गप?"

चाचा म्हणाले, "बोलो बेटी. डरो मत."

मंदा म्हणाली, "चोराचं नाव घ्यायला लाजतेस काय?"

मी पदर डोक्यावर घेतला.

मंदाचं तोंड उघडंच राहिलं. तिनं एकदा माझ्या पदराकडे बघितलं, एकदा ब्रश धरून बसलेल्या माणसाकडे, आणि कपाळावर हात मारला. "गो बाय माजे! घे मंग, उखान्यात घे!"

हे अजून ब्रश धरून बसलेले. रंग टपकायला लागला होता. "लवकर सांग गं, वाळतोय."

मी घसा साफ केला, आणि लूमच्या वर आवाज चढवून म्हटलं:

"दगडामधे उभं झाड, फांदी फांदी झकास,
फुटपट्टी लावून आडवं केलं, नाव त्यांचं कैलास!"